नव्या कोचचा पायगुण

माझा भाचा मँचेस्टर युनायटेड या इंग्लिश फुटबॉल क्लबचा भक्त. संघ हरला की त्या रात्री धड जेवत नाही, आणि सलग दोन-तीनदा हरला की त्याचं ठरलेलं वाक्य: "मावशी, कोच बदलायलाच हवा."

त्याच्याकडे पुरावाही आहे. डिसेंबर २०१८ मध्ये युनायटेडचा तेव्हाचा कोच जोझे मोरिन्यो याचा संघ लिव्हरपूलकडून १-३ हरला, दोन दिवसांनी मोरिन्योला नारळ मिळाला आणि क्लबचाच जुना खेळाडू ओले गुन्नार सोलशेअर हंगामी प्रशिक्षक म्हणून आला. कार्डिफला ५-१, हडर्सफील्डला ३-१, असं करत सगळ्या स्पर्धा धरून पहिले आठच्या आठ सामने त्याने जिंकले. मोरिन्योचे त्या मोसमात लीगच्या १७ सामन्यांत २६ गुण होते. सोलशेअरने १३ सामन्यांत ३२ मिळवले. २८ मार्च २०१९ ला क्लबने त्याला कायम केलं.

त्यानंतरचे दहा सामने: दोन विजय, दोन बरोबरी, सहा पराभव. गंमत म्हणजे शेवटचे दोन सामने पुन्हा हडर्सफील्ड आणि कार्डिफशीच होते, आणि तोवर दोघंही खालच्या लीगमध्ये ढकलले गेले होते. हडर्सफील्डशी १-१. कार्डिफने तर युनायटेडच्या मैदानावर येऊन २-० ने हरवलं. कोच तोच, संघ तोच, समोरचेही तेच.

नवा कोच येताच संघाने घेतलेल्या अशा उसळीला फुटबॉलवाले 'न्यू मॅनेजर बाउन्स' म्हणतात. आपल्याकडे त्याहून जुना शब्द आहे: पायगुण. सून आली आणि सासऱ्यांना बढती मिळाली, पायगुण चांगला; त्याच महिन्यात म्हैस मेली, पायगुण वाईट. या एका शब्दाने किती मुलींना सासरी रडवलंय! टीव्हीवर कोट घालून बसलेले तज्ज्ञ नव्या कोचबद्दल बोलतात तेव्हा मला हटकून त्या सासूबाई आठवतात.

भाच्याला हे तोंडी पटेना, म्हणून आम्ही प्रयोग केला. वीस चिठ्ठ्या केल्या. आठांवर 'विजय', पाचांवर 'बरोबरी', सातांवर 'हार'. म्हणजे बऱ्यापैकी मधला संघ. विजयाला तीन गुण, बरोबरीला एक, या हिशेबाने सामन्यामागे सरासरी १.४५ गुण. चिठ्ठ्या स्टीलच्या डब्यात घातल्या. एक काढायची, निकाल वहीत लिहायचा, चिठ्ठी परत डब्यात, डबा हलवायचा, पुढची काढायची. असे ३८ सामने, इंग्लिश लीगचा पूर्ण मोसम.

मध्येच रांगेने आलं: हार, हार, बरोबरी, हार, बरोबरी. पाच सामन्यांत दोन गुण. भाचा ओरडला, "मावशी, आता तरी काढ ना कोचला!" काढला. चिठ्ठ्या स्टीलच्या डब्यातून प्लास्टिकच्या डब्यात ओतल्या. पुढचे पाच: विजय, बरोबरी, हार, विजय, बरोबरी. आठ गुण! प्लास्टिकच्या डब्याचा पायगुण.

आता थोडं गणित. या संघाला ठरावीक पाच सामन्यांत दोन किंवा कमी गुण मिळण्याची शक्यता पाच टक्के येते. पण ३८ सामन्यांच्या मोसमात सलग पाचांचे ३४ तुकडे पडतात, म्हणजे असे सुतकी तुकडे मोसमाला सरासरी पावणेदोन. कधी एकही नाही, कधी चार ओळीने. एका सामन्याच्या गुणांचं प्रमाण विचलन, म्हणजे सरासरीपासून ते साधारण किती इकडे-तिकडे होतात त्याचं माप, १.३२ आहे. ३८ सामन्यांच्या बेरजेचं विचलन ३८ पट होत नाही, ३८च्या वर्गमुळाइतक्या पट होतं, म्हणजे सुमारे आठ गुण. संघाची सरासरी ५५ गुण. चिठ्ठ्यांना हात न लावता तोच डबा एका वर्षी ४७ आणि दुसऱ्या वर्षी ६३ गुण देऊ शकतो, आणि त्यात नवल काहीच नाही.

मुद्दा असा की कोचला कुणी कुठल्याही मंगळवारी काढत नाही. त्याला काढतात तो खड्ड्याच्या तळाशी. तिथून पुढचे पाच सामने सरासरीच्या जवळ जाण्याचीच शक्यता जास्त, कारण सलग पाचांचे बहुतेक तुकडे सरासरीच्या जवळच असतात. फ्रान्सिस गाल्टनने १८८६ मध्ये आई-वडील आणि मुलांच्या उंचीत हेच दाखवलं: फार उंच जोडप्यांची मुलं उंच असतात, पण सरासरीने आई-वडिलांइतकी नाहीत. मराठी पाठ्यपुस्तकात याला समाश्रयण म्हणतात. शब्द विसरलात तरी चालेल. व्हायरल तापाच्या तिसऱ्या दिवशी आपण डॉक्टर बदलतो, चौथ्या दिवशी ताप उतरतो आणि दुसऱ्या डॉक्टरांचा हातगुण गावभर होतो. यंत्रणा तीच.

मग खरं कसं ओळखायचं? एक वाट बास तेर वेल या डच अर्थशास्त्रज्ञाने दाखवली. नेदरलँड्सच्या लीगमधले १९८६ ते २००४ चे निकाल घेऊन त्याने काढलेल्या कोचांच्या शेजारी दुसरे कोच उभे केले: ज्यांचे संघ तेवढेच घसरले होते, पण ज्यांना काढलं नव्हतं. काढलेल्यांचे संघ सावरले. न काढलेल्यांचेही तितकेच सावरले.

दुसरी वाट माझ्या आवडीची, इथे जरा दमाने घ्या. निकालातला किती भाग कोचच्या नावावर मांडायचा? समजा, कोचाकोचांतला खरा फरक सामन्यामागे ०.२ गुणांचा आहे (हा आकडा उदाहरणापुरता मी धरलेला). त्याचा वर्ग ०.०४. नशिबाचा, म्हणजे मघाच्या १.३२ विचलनाचा, वर्ग एका सामन्याला १.७५, आणि जितके सामने तितक्यांनी तो भागायचा. मग विश्वासाचं वजन म्हणजे ०.०४ भागिले या दोन वर्गांची बेरीज. पाच सामन्यांनंतर ते जेमतेम दहा टक्के भरतं. तेरा सामन्यांनंतर तेवीस. पन्नास टक्के व्हायला ४४ सामने लागतात, म्हणजे एका मोसमाहून जास्त!

सोलशेअरला हे लावू. तुलना मोरिन्योच्या शेवटच्या १७ सामन्यांशी करायची नाही, तो खड्डा होता. आदल्या मोसमात याच मोरिन्योने ८१ गुण मिळवून दुसरा क्रमांक आणला होता. दोन्ही मिळून ५५ सामन्यांत १०७ गुण, सरासरी १.९५. सोलशेअरची २.४६. फरक ०.५१, त्याचे तेवीस टक्के ०.१२. मोसमाला साडेचार गुण. वाईट नाही, पण मार्चमध्ये जे ढोल वाजत होते ते याचे नव्हते.

निकालांऐवजी संधी मोजल्या तर नशिबाचा गोंगाट कमी होतो. प्रत्येक फटक्याला, तशा जागेवरून गोल होण्याची जितकी शक्यता तितके मार्क द्यायचे. पेनल्टीला पाऊण गोलाहून किंचित जास्त. २०१४-१५ मध्ये युर्गन क्लॉप या कोचचा डॉर्टमुंड संघ जर्मन लीगमध्ये सातवा आला. लिव्हरपूलच्या संशोधन विभागाचा तेव्हाचा प्रमुख इयन ग्रॅहम मूळचा भौतिकशास्त्राचा पीएचडी; त्याच्या प्रारूपाने सांगितलं की हा संघ वाईट नव्हता, कमनशिबी होता. ऑक्टोबर २०१५ मध्ये क्लॉप लिव्हरपूलला आला. पहिल्या मोसमात आठवा! २०१९ मध्ये युरोपचा चषक, २०२० मध्ये तीस वर्षांनी लीग.

मदतनीस कोचांना तर निकालावरून जोखताच येत नाही. कॉर्नर, म्हणजे मैदानाच्या कोपऱ्यातून मिळणारी किक, शिकवणारा वेगळा कोच असतो हल्ली. शंभर कॉर्नरमागे गोल तीनच्या आसपास. मोसमात दोनशे कॉर्नर धरले तर सहा गोल, त्यात अडीच इकडे-तिकडे आपोआप. चार झाले म्हणून त्याला हाकलणं किंवा नऊ झाले म्हणून पगार दुप्पट करणं, दोन्ही घाईचं. कॉर्नरवर किती फटके मारता आले ते मोजावं.

आपल्याकडे याहून सोपी पद्धत होती. २०२२ मध्ये आशिया चषकाच्या पात्रता फेरीआधी भारतीय संघासाठी १६ लाख देऊन ज्योतिषाची कंपनी नेमल्याच्या बातम्या आल्या होत्या. भारताने तिन्ही सामने जिंकले: कंबोडिया २-०, अफगाणिस्तान २-१, हाँगकाँग ४-०. तिघेही क्रमवारीत भारताच्या खाली आणि सामने कोलकात्यात, हे ग्रहांना विचारायची गरज नव्हती.

सोलशेअरचं पुढे काय झालं? त्या पहिल्या मोसमात युनायटेड ६६ गुणांवर सहावा आला. पुढच्या मोसमातही गुण ६६च, पण क्रमांक तिसरा. त्यापुढे ७४ गुण आणि दुसरा. नोव्हेंबर २०२१ मध्ये वॉटफर्डकडून १-४ हरल्यावर त्यालाही काढलं.

प्रयोग संपल्यावर भाच्याने चिठ्ठ्या मोजल्या, तर एकोणीस. विसावी दुसऱ्या दिवशी सोफ्याखाली सापडली, डबे बदलताना उडालेली. 'हार' होती. म्हणजे प्लास्टिकच्या डब्यात खरोखरच एक हार कमी होती! भाचा अंगावर आलाच. मी वही ओढून हिशेब केला: १.४५ ऐवजी १.५३. मोसमाला ५५ ऐवजी ५८ गुण. डबा खरंच चांगला होता, पण त्या पाच सामन्यांवरून ते कुणालाच कळलं नसतं.