ऑटोमॅटिक गाडीलाही क्लच असतो, आणि तो जळतोही

मेहुण्याच्या नव्या गाडीला जेमतेम सात महिने झालेत, ९००० किमी, आणि गेल्या महिन्यात चांदणी चौकाच्या चढावर ट्रॅफिकमध्ये ती थरथरायला लागली, मीटरवर गिअरबॉक्स तापल्याची वॉर्निंग आली आणि मग गाडी काही केल्या पुढं सरकेना. सर्व्हिस सेंटरवाले म्हणाले क्लच प्लेट जळालीय, म्हणजे इंजिनाची ताकद गिअरबॉक्सला जोडणारी-सोडणारी चकती. मेहुणा म्हणतो, ऑटोमॅटिकला क्लचच नसतो तर जळेल कसा, फसवतायत. सासूबाई म्हणतात, डिलिव्हरी अमावास्येला घेतली म्हणून. अहो, अमावास्येला घेतलेल्या गाड्याही लाख-लाख किमी चालतात आणि चाकाखाली लिंबू चिरडून आणलेल्या गाड्यांचेही क्लच जळतात, लोखंडाला तिथी कळत नाही.

मेहुण्याचा गैरसमज मात्र खूप जणांचा आहे. ऑटोमॅटिकमध्ये क्लचचं पेडल नसतं, क्लच नसतो असं नाही. एएमटीमध्ये, म्हणजे मशीनने गिअर बदलणाऱ्या साध्या गिअरबॉक्समध्ये, आपला नेहमीचाच क्लच असतो, फक्त पायाऐवजी मशीन तो दाबतं. डीसीटी म्हणजे ड्युअल क्लच, तिच्यात तर दोन असतात, एकावर १-३-५-७ गिअर, दुसऱ्यावर २-४-६. म्हणून गिअर इतक्या झटपट पडतात, पुढचा गिअर आधीच तयार बसलेला असतो. पण पहिला गिअर पहिल्या क्लचवर, म्हणजे प्रत्येक वेळी जागेवरून हलताना सगळा मार त्या एकाच प्लेटला. काही डीसीटींचे क्लच तेलात बुडालेले असतात, तेल उष्णता वाहून नेतं. मेहुण्याची डीसीटी ड्राय, म्हणजे कोरड्या क्लचची. जुन्या पद्धतीच्या टॉर्क कन्व्हर्टरमध्ये हलताना ताकद तेलातूनच जाते, तिथं हे घासणं नाही.

आता मला सगळ्यात आवडणारा भाग, थोडं गणित आहे पण बघाच. चढावर ट्रॅफिक थांबलं की बरेच जण ब्रेक न दाबता हलकासा एक्सलरेटर देऊन गाडी तोलून धरतात. समजा गाडी माणसांसकट १४०० किलो आणि चढ १०० मीटरला ८ मीटर. गाडीला मागं ओढणारं बल साधारण ११०० न्यूटन. चाकाची त्रिज्या ३० सेंमी, म्हणजे ॲक्सलवर ३३० न्यूटन-मीटर टॉर्क (फिरवणारा जोर), आणि पहिल्या गिअरचं एकूण गुणोत्तर १५ धरलं तर क्लचवर २२ न्यूटन-मीटर. इंजिन १२०० आरपीएमवर फिरतंय, म्हणजे सेकंदाला १२६ रेडियन. २२ गुणिले १२६ केलं की येतात जवळपास २८०० वॅट. चाक तर फिरतच नाहीये, मग ही ताकद जाते कुठं? सगळीच्या सगळी प्लेट घासण्यात, म्हणजे उष्णतेत. बाथरूममधला ३ किलोवॉटचा इन्स्टंट गीझर गिअरबॉक्सच्या बंद डब्यात चालू ठेवल्यासारखं झालं, आणि इथं पाणीही नाही. क्लचमधलं बीड (ओतीव लोखंड) पाच किलोचं धरा, एका मिनिटात तापमान ७० अंशांनी वर. याउलट सपाट रस्त्यावर थांबलेली गाडी नीट १० किमी वेगाला नेली तर प्लेट दोन-अडीच अंशच तापते. म्हणजे तोलून धरलेलं एक मिनिट तीसेक वेळा गाडी हलवण्याएवढं महाग पडतं!

प्लेटवरचं अस्तर रेझिनने बांधलेलं असतं, अडीचशे-तीनशे अंशांच्या पुढं ते बिघडू लागतं आणि पृष्ठभाग काचेसारखा होतो, मेकॅनिक त्याला प्लेट ग्लेझ झाली म्हणतात. मी ती प्लेट हातात घेऊन बघितली, नख फिरवलं तर ताटासारखी गुळगुळीत, शेजारच्या लोखंडी चकतीवर निळसर झाक आणि घाट उतरलेल्या ट्रकच्या ब्रेकसारखा वास. असं झालं की घसरण वाढेल तसं घर्षण कमी होतं, मग प्लेट पकडते-सुटते-पकडते, सेकंदाला कित्येक वेळा. गंजलेल्या बिजागरीचं दार जसं कुरकुरतं तीच गोष्ट, इथं ती थरथर होऊन सीटपर्यंत येते.

पण म्हणून दरवेळी चूक चालवणाऱ्याचीच असं अजिबात नाही, आणि याचा मला खरंच राग येतो. ऑस्ट्रेलियात फोर्डच्या कोरड्या क्लचच्या पॉवरशिफ्ट गाड्या अशाच थरथरायच्या आणि ग्राहकांना सांगितलं जायचं की तुमची चालवायची पद्धत चुकतेय. २०१८ मध्ये तिथल्या फेडरल कोर्टाने कंपनीला तक्रारी हाताळण्याच्या पद्धतीबद्दल एक कोटी ऑस्ट्रेलियन डॉलरचा दंड केला. तेल अडवणारं सील गळून कोरड्या प्लेटवर तेल आलं तरी गाडी थरथरतेच.

त्यामुळं "क्लच वेअर अँड टेअरमध्ये येतो" एवढ्यावर गप्प बसू नका. तक्रार जॉब कार्डवर आपल्या शब्दांत लिहून घ्या, किती किमीला, चढावर का सपाटीला, इंजिन गार का गरम. कंट्रोल युनिटमधल्या एरर कोडची प्रिंट मागा, प्लेट उतरवताना समोर उभे राहा आणि सील ओलं आहे का बघा. नाहीच ऐकलं तर ग्राहक हेल्पलाइन १९१५, त्यापुढं जिल्हा ग्राहक आयोग, तिथं दोन वर्षांच्या आत जावं लागतं. आणि चढावर थांबलात की पूर्ण ब्रेक किंवा ऑटो होल्ड (ब्रेक आपोआप धरून ठेवणारं बटण), पुढं दोन गाड्यांची जागा झाली की मगच हला, इंच-इंच सरकू नका.

मेहुण्याच्या गाडीचं सील कोरडं निघालं, तेलाचा थेंब नाही. पण क्लचच्या सॉफ्टवेअरचं एक अपडेट टाकायचंच राहून गेलं होतं, ते जॉब कार्डवर लिहून घेतल्यावर प्लेटचे पैसे वॉरंटीत बसले, मजुरी त्याने भरली.