नखावरचं कलिंगड आलं कुठून?

घरी नेल आर्ट करायला बसलं की बहुतेकींना पहिल्यांदा जमतं ते कलिंगड. खाली लाल, टोकाला हिरवी पट्टी, दोघांच्या मधे बारीक पांढरी रेघ आणि वर टूथपिकने टेकवलेल्या चार-पाच काळ्या बिया, झालं. मी पहिल्यांदा केलं तेव्हा लाल थर वाळायची वाटच बघितली नाही, बिया टेकवल्या त्या टेकवल्या आणि बघता बघता अशा पसरल्या की अंगठ्यावर कलिंगडाच्या जागी ठिपक्यांचा किडा तयार झाला. दुसऱ्या वेळी थर नीट कडक होऊ दिला, टूथपिकचं टोक रंगात जेमतेम बुडवलं, दाबलं नाही, नुसतं टेकवलं, आणि बिया बियांसारख्या दिसायला लागल्या.

डोनट, स्ट्रॉबेरी, पिझ्झाचा तुकडा, हे नखावर काढायचं खूळ इन्स्टाग्रामने आणलं असं आपल्याला वाटतं. इन्स्टाग्राम आलं 2010 मध्ये, त्याने हे खूळ घरोघरी नेलं हे खरंच, पण नखांचं आणि स्वयंपाकघराचं नातं त्याच्या कितीतरी आधीचं आहे. प्राचीन चीनमध्ये नखं रंगवायला जे मिश्रण करायचे त्यात अंड्याचा पांढरा भाग, मेण, जिलेटीन, डिंक आणि फुलांचा रंग असायचा. यातलं अंडं, जिलेटीन आणि डिंक तर मिठाई करणाऱ्याच्या फळीवर सुद्धा सापडेल.

आणि आजच्या नेलपॉलिशचा मुख्य घटक, नायट्रोसेल्युलोज, त्याची गोष्ट तर थेट चुलीपाशी सुरू होते. क्रिस्टियान शोनबाइन हा स्वित्झर्लंडमधल्या बाझेलचा रसायनशास्त्रज्ञ, असं सांगतात की घरातल्या स्वयंपाकघरात प्रयोग करताना त्याच्या हातून आम्ल सांडलं, ते त्याने बायकोच्या सुती एप्रनने पुसलं, एप्रन चुलीजवळ वाळत घातला आणि तो वाळल्यावर भकदिशी जळून गेला, कारण कापूस आणि आम्ल मिळून नायट्रोसेल्युलोज तयार झालं होतं. गोष्टीला थोडं मीठमसाला लागला असेलही, पण 1846 मध्ये त्याने हा शोध जाहीर केला हे नक्की. पुढे हेच नायट्रोसेल्युलोज स्फोटकांत गेलं, फोटोच्या फिल्ममध्ये गेलं, 1920 च्या दशकात मोटारींच्या रंगात गेलं आणि त्याच झटपट वाळणाऱ्या चकचकीत लॅकरवरून नेलपॉलिश आलं. म्हणजे आपण नखांना लावतो तो गाडीच्या रंगाचा चुलतभाऊच.

वासाचं पण असंच. जुन्या लॅकरमध्ये अमाइल अॅसिटेट नावाचं द्रावक असायचं, त्याला लोक सरळ बनाना ऑईल म्हणायचे, कारण त्याचा वास पिकल्या केळ्यासारखा. केळ्याच्या स्वादाच्या गोळ्यांमध्ये जे घालतात ते आयसोअमाइल अॅसिटेट, म्हणजे त्याचंच सख्खं भावंड. नेलपॉलिशची बाटली उघडली की कधीकधी गोळ्यांच्या बरणीसारखा गोडसर वास येतो ना, तो उगाच नाही येत.

पण कलिंगडाला लाल रंग हवा, आणि तोही खालचं नख अजिबात न दिसणारा. सुरुवातीची पॉलिशं पातळ, पारदर्शक गुलाबी असायची. 1932 मध्ये चार्ल्स आणि जोसेफ रेव्हसन या भावांनी चार्ल्स लॅकमन या केमिस्टबरोबर रेव्हलॉन ही कंपनी काढली (नावातला ल तो लॅकमनचा) आणि त्यांनी रंगद्रव्य घातलेलं घट्ट, अपारदर्शक एनॅमल विकायला आणलं. त्या काळात फॅशन होती मून मॅनिक्युअरची, म्हणजे मुळाशी असलेली अर्धी चंद्रकोर मोकळी सोडून बाकी नख रंगवायचं. नंतर 1970 च्या दशकात ऑर्ली या नेलपॉलिश कंपनीच्या जेफ पिंकने फ्रेंच मॅनिक्युअर गाजवलं, टोकाला पांढरी पट्टी आणि बाकी नैसर्गिक. माझ्या मते खाण्याच्या नेल आर्टची खरी जमीन इथे तयार झाली, कारण नखाचे आडवे भाग करून प्रत्येकाला वेगळा रंग द्यायचा ही सवय हाताला लागली. कलिंगड म्हणजे रंग बदललेलं फ्रेंचच आहे! टोकाची पट्टी खाली ओघळणारी केली की आइसक्रीमवरचं चॉकलेट सॉस, बाकी नख बिस्किटी ठेवलं आणि टोकाला गुलाबी लाटा काढल्या की कपकेकचं आयसिंग.

नखावर उभं राहणारं खाणं मात्र वेगळ्या वाटेने आलं. त्यात एक वाटा दंतवैद्यकाचा आहे, 1954 मध्ये फ्रेड स्लॅक या अमेरिकन डेंटिस्टचं नख तुटलं आणि त्याने दातांच्या अॅक्रिलिकने ते दुरुस्त केलं, तिथून अॅक्रिलिक नखांचा रस्ता खुला झाला. दुसरा वाटा जपानचा. ओसाकामध्ये 1932 मध्ये इवासाकी ताकिझो यांनी मेणाचे खाद्यपदार्थ बनवण्याचा धंदा सुरू केला, त्यांचं गाजलेलं काम म्हणजे मेणाचं ऑम्लेट, आणि हॉटेलांच्या काचेत नकली पदार्थ मांडायची तिथली पद्धत अशी फोफावली की खोटं खाणं खऱ्यापेक्षा चविष्ट दिसलं पाहिजे हा एक कसबाचाच विषय झाला. मग मोबाइलच्या कव्हरवर सिलिकॉन पायपिंगच्या नोझलमधून काढून त्याचं नकली क्रीम करायचं आणि त्यात छोटे केक-बिस्किटं रोवायची असली सजावट आली, आणि नखांवर पण तसंच, अॅक्रिलिकचे फुगीर क्रीमचे गोळे, वर इवलीशी स्ट्रॉबेरी. दिसायला भारी, पण असली नखं लावून शर्टाचं बटण लावून बघा म्हणजे कळेल.

मला सगळ्यात आवडतात त्या फळांच्या चकत्या. लिंबू, किवी, संत्र्याच्या मिलिमीटरभर जाडीच्या चकत्या छोट्या डबीत मिळतात, त्या पॉलिमर क्लेच्या, म्हणजे भाजल्यावर कडक होणाऱ्या प्लास्टिकच्या मातीच्या असतात. या मातीचा फिमो नावाचा प्रसिद्ध ब्रँड जर्मनीचा, बाहुल्या करणाऱ्या केटे क्रूझे यांच्या घरातून आला, त्यांच्या मुलीचं लाडाचं नाव फिफी, त्यावरून फिमो. करायची रीत अशी की पिवळ्या मातीचे त्रिकोणी दांडे करायचे, मधे पांढऱ्याचे पातळ पापुद्रे, सगळे गोल रचून वर साल म्हणून पिवळा थर गुंडाळायचा, मग तो जाडजूड लोड हाताने ओढून ओढून पेन्सिलीसारखा बारीक करायचा. आतलं चित्र तसंच राहतं, फक्त बारीक होतं, आणि कुठेही कापा लिंबूच निघतं. इटलीतल्या मुरानोचे काचकारागीर मिलेफिओरी नावाच्या काचकामात हेच करतात, आणि जपानची किंतारो-आमे नावाची गोळी पण अशीच, प्रत्येक चकतीत तोच चेहरा. म्हणजे मिठाईवाल्याची युक्ती मातीत गेली आणि फळ होऊन नखावर बसली.

आपल्या हातातली टूथपिकची करामत पण बेकरीतलीच. ओल्या पांढऱ्या रंगावर दोन तपकिरी रेघा मारायच्या आणि टूथपिक आडवी ओढायची, पिसासारखी नक्षी येते, केकच्या आयसिंगवर करतात ती हीच.

उलट्या दिशेचा प्रयोग पण झालाय. 2016 मध्ये हाँगकाँगच्या केएफसीने खाता येणारं नेलपॉलिश काढलं, दोन चवींचं, लावा, वाळवा आणि चाटा. मला स्वतःला ही कल्पना अजिबात झेपली नाही.

त्यानंतर चित्रच गायब व्हायला लागलं. 2022 मध्ये अमेरिकन मॉडेल हेली बीबरची नखं गाजली, झोला गानझोरिग्ट या नेल आर्टिस्टने केलेली, फिकट दुधी रंगावर क्रोम पावडर, म्हणजे आरशासारखी चमक देणारी बारीक पूड चोळलेली, आणि नाव पडलं ग्लेझ्ड डोनट. त्यात ना डोनटचं भोक, ना स्प्रिंकल्स, नुसती पाकाची चकाकी. पण ही सोपी दिसणारी नखंच घरी त्रास देतात, कारण पावडर नीट चिकटते ती यूव्ही लॅम्पखाली वाळवलेल्या जेल टॉपकोटवर, म्हणजे जेल पॉलिशच्या शेवटच्या थरावर, साध्या पॉलिशवर चोळली की नुसती भुरभुर होते आणि बोटंच चकाकतात. माझ्याकडे लॅम्प नाही. त्यामुळे मागच्या रविवारी परत कलिंगडच काढलं, यावेळी दहाही बोटांना, आणि डाव्या हाताने उजव्या हातावर काढलेल्या बिया अजून वाकड्याच आहेत.