वृक्षछत्राखालील तृणस्तर

वृक्षाच्या पसरलेल्या फांद्यांखाली (छत्राखाली) वाढणारी गवते व ओषधी (मऊ खोडाच्या लहान वनस्पती) यांचा थर. बांधावरच्या झाडाच्या सावटाने पीक खुरटते, हा शेतकऱ्यांचा नित्याचा अनुभव आहे. उलट कोरड्या माळावर बाकीचे गवत वाळून गेले तरी एखाद्या एकट्या बाभळीखाली ते हिरवे राहते, हेही गुराख्यांना ठाऊक असते. या दोहोंचा मेळ कसा घालावयाचा, हा या विषयातील मुख्य प्रश्न होय.

छत्रामुळे प्रकाश नुसता कमी होत नाही, त्याचा रंगही बदलतो. पाने तांबडा प्रकाश (सु. ६६० नॅनोमीटर) शोषून घेतात व अतितांबडा (सु. ७३० नॅनोमीटर) बराचसा खाली जाऊ देतात. १९५२ मध्ये अमेरिकेत लेट्यूसच्या बियांवरील प्रयोगांत तांबड्या प्रकाशाने अंकुरण सुरू होते व अतितांबड्याने ते थांबते, असे आढळले. दाट सावलीत अनेक तणांचे बी का रुजत नाही, याचा उलगडा त्यातून झाला. कुसळी, पवना, मारवेल ही सी-४ पद्धतीने (भरपूर ऊन व उष्णतेत अधिक कार्यक्षम ठरणाऱ्या पद्धतीने) प्रकाशसंश्लेषण करणारी गवते उघड्यावरची आहेत. गर्द झाडीत त्यांची जागा ओप्लिस्मेनससारखी रुंद पानांची सी-३ (बहुतेक वनस्पतींत आढळणाऱ्या पद्धतीची) गवते घेतात. मात्र हा नियम काटेकोर नाही. गिनी गवत सी-४ असूनही झाडाखाली चांगले वाढते व म्हणूनच ते नारळाच्या बागेत वैरणीसाठी लावतात.

झाडाखालची माती बहुधा अधिक सुपीक असते, याबद्दल फारसा वाद नाही. ती सुपीकता येते कोठून, याबद्दल आहे. खोल मुळांनी वर आणलेली पोषकद्रव्ये पालापाचोळ्यातून मातीत मिसळतात, हे जुने स्पष्टीकरण. दुसऱ्या मतानुसार आडवी पसरलेली मुळे ती भोवतालच्या जमिनीतूनच गोळा करतात. सावलीला बसणारी गुरे, शेंगांवर येणाऱ्या शेळ्या व फांद्यांवरचे पक्षी यांच्या विष्ठेचा वाटाही मोठा असावा. झाड मुळातच सुपीक जागी रुजले असेल, ही शंकाही पूर्णपणे झटकता येत नाही. पाण्याबाबत जर्मन वनस्पतिवैज्ञानिक हाइन्रिख वाल्टर यांनी वरचे पाणी गवताला व खालचे झाडाला अशी द्विस्तर कल्पना मांडली. ती सोयीची असली, तरी बहुतेक झाडांची बारीक मुळेही वरच्या थरातच दाट असतात, त्यामुळे ती जशीच्या तशी स्वीकारणे कठीण आहे.

सर्वांत बारकाईने अभ्यासलेले उदाहरण कॅलिफोर्नियातील निळ्या ओकचे (क्वेर्कस डग्लसाय) आहे. तेथे पाऊस हिवाळ्यात पडतो आणि ओक त्याच काळात निष्पर्ण असतो, त्यामुळे गवत वाढीला लागते तेव्हा सावली विरळ असते. हे गवत बहुतांशी वर्षायू (एका वर्षातच जीवनक्रम संपवणारे) व भूमध्य सागराकडून आलेले आहे. ते १७६९ पासूनच्या स्पॅनिश वसाहतींबरोबर आले असे सामान्यतः मानतात; पण सँता बार्बरालगतच्या समुद्रतळाच्या गाळातील एरोडियम या ओषधीच्या परागकणांवरून तिचा तरी शिरकाव थोडा आधीचा दिसतो. १९४० च्या दशकापासून सुमारे तीन दशके चराऊ गवत वाढावे म्हणून ओक मोठ्या प्रमाणावर काढले गेले. परिणाम सर्वत्र सारखा झाला नाही. वार्षिक पाऊस सु. ५० सेंमी. हून अधिक असलेल्या भागात ओकखाली गवत कमी भरले. त्याहून कोरड्या भागात ते उघड्यापेक्षा अधिक किंवा बरोबरीचे होते. ओक तोडल्यावर काही वर्षे गवत वाढते आणि साठलेली सुपीकता सरली की ते पुन्हा घटते, असेही दिसून आले.

१९९१ मध्ये कॅलवे, नाडकर्णी व माहल यांनी एकाच परिसरातील ओकांची तुलना केली. सर्वांचा पाचोळा व पानांवरून ठिबकणारे पाणी गवताला पोषकच होते. तरीही काही ओकांखाली गवत माजलेले, तर काहींखाली विरळ होते. विरळ गवत असलेल्या ओकांची बारीक मुळे उथळ व दाट होती. ती अडवली तेव्हा गवत वाढले. दुसऱ्या गटातील ओक खोल भूजलावर जगत असावेत. जाती एक, परिणाम दोन. म्हणून ‘अमुक झाड गवताला मारक’ अशा सरसकट विधानांपेक्षा पाऊस व मुळांची खोली यांवर भर देणारे मत अधिक ग्राह्य वाटते.

झाडातील द्रव्ये शेजारच्या वनस्पतींना बाधतात या कल्पनेला हान्स मोलिश यांनी १९३७ मध्ये ‘ॲलेलोपथी’ हे नाव दिले. अक्रोडातील जुग्लोन हे तिचे नेहमीचे उदाहरण. पण येथेही सावधगिरी हवी. कॅलिफोर्नियातील सुगंधी झुडपांभोवतीच्या उघड्या पट्ट्यांचे कारण त्यांतील बाष्पशील तेले असे १९६४ मध्ये मांडले गेले. १९७० मध्ये बार्थोलोम्यू यांनी जाळीचे पिंजरे ठेवून पाहिले, तेव्हा आत गवत उगवले. झुडपांत लपणारे उंदीर व इतर प्राणी ते खात होते.

राजस्थानात खेजडीखाली (शमी) बाजरी व गवत चांगले येते आणि तिच्याखालच्या मातीत सेंद्रिय द्रव्य अधिक असते. तिच्याच प्रजातीत (प्रॉसोपिस या वंशात) गणली गेलेली वेडी बाभूळ मात्र कच्छच्या बन्नी गवताळ प्रदेशात १९६० च्या दशकारंभी खारेपणा रोखण्यासाठी लावली गेली आणि तिच्या दाट जाळ्यांखाली चराऊ गवत हटत गेले. गुरे तिच्या शेंगा खातात व शेणातून बी पसरवतात.