उलट्या डोंगराचं गणित

घळईतला ट्रेक फसवा असतो, कारण त्याचा सोपा भाग आधी येतो. सकाळच्या गारव्यात, ताज्या पायांनी माणूस उतरत जातो आणि आपण झकास चाललोय असं त्याला वाटतं. अमेरिकेतल्या ग्रँड कॅनियनची ब्राइट एंजल ही वाट दक्षिण कड्यावर सुमारे २,०९० मीटर उंचीवर सुरू होते. तळाशी कोलोरॅडो नदी ७४० मीटरच्या आसपास वाहते. १,३५० मीटर उतरायचं आणि थकल्यावर तेवढंच चढायचं. त्यात कोरडी हवा दर शंभर मीटर खाली जाताना साधारण एक अंशाने तापते. कड्यावर २८ अंश असतील तर तळाशी ४१. हे तापमान सावलीतलं. उन्हात तापलेल्या खडकाची धग वेगळीच.

गाइड गटाला पहाटे अंधारात का उठवतो, दुपारी ओढ्याकाठी सक्तीने का बसवतो, न मागता खारे शेंगदाणे हातावर का ठेवतो, याची उत्तरं एका साध्या हिशोबात आहेत. सत्तर किलोचा माणूस आणि पाठीवर दहा किलोची सॅक. हे वजन १,३५० मीटर वर न्यायला सुमारे १०.६ लाख ज्यूल ऊर्जा लागते. चढताना स्नायूंची कार्यक्षमता फार तर २५ टक्के, म्हणजे शरीर ४२ लाख ज्यूल जाळतं आणि त्यातले ३२ लाख निव्वळ उष्णता म्हणून अंगात उरतात. त्वचेचं तापमान असतं ३५ अंशांच्या आसपास. हवा त्याहून गरम असली की उष्णता अंगातून हवेत जायच्या ऐवजी हवेतून अंगात येते. मग सुटकेचा मार्ग एकच: घाम. एक लिटर घाम पूर्ण वाळला तर सुमारे २४ लाख ज्यूल घेऊन जातो. म्हणजे फक्त उंची कमावण्यासाठी १.३ लिटर पाणी खर्च. वाटेची लांबी, ऊन आणि गरम हवा यांचा खर्च वेगळा. प्रत्यक्षात तासाला अर्धा ते एक लिटर घाम सहज जातो, कधी त्याहून जास्त.

वाळवंटात हा घाम दिसत नाही. हवा इतकी कोरडी असते की तो त्वचेवरच उडून जातो, शर्ट कोरडा राहतो आणि ‘मला घामच येत नाही’ असं लोक आत्मविश्वासाने सांगतात. टोपीच्या पट्टीवर आणि सॅकच्या पट्ट्यांखाली उमटलेल्या मिठाच्या पांढऱ्या रेघा पाहिल्या की खरं काय ते कळतं. मागे पडलेलं पाणी एकदम भरूनही काढता येत नाही, कारण आतडी तासाला साधारण एक लिटरच शोषू शकतात.

उलटी चूकही तितकीच धोक्याची. उन्हाच्या धास्तीने काही जण दिवसभर नुसतं पाणी पीत राहतात आणि खात काहीच नाहीत. घामातून सोडियम जातंच असतं, वरून साध्या पाण्याने रक्त पातळ होतं. रक्तातलं सोडियम लिटरला १३५ मिलिमोलच्या खाली गेलं की त्या अवस्थेला हायपोनेट्रेमिया म्हणतात. पेशींत पाणी शिरतं, मेंदू सुजतो. डोकेदुखी, मळमळ, गोंधळलेपण ही लक्षणं पाण्याच्या कमतरतेतही दिसतात, म्हणून घोळ होतो. अनुभवी गाइड विचारतो: किती प्यायलास, काय खाल्लंस, लघवी कितीदा झाली आणि कोणत्या रंगाची? भरपूर पाणी, उपाशी पोट, स्वच्छ पाण्यासारखी वारंवार लघवी, सुजलेली बोटं, हे एकत्र दिसलं तर आणखी पाणी पाजणं जिवावर बेतू शकतं. तेव्हा पाणी थांबवून खारट खायला द्यायचं. बोलणं असंबद्ध झालं किंवा झटके आले तर तातडीने मदत बोलवायची.

उष्माघाताचं निदान त्या मानाने सरळ: शरीराच्या आतलं तापमान ४० अंशांच्या वर आणि वागण्यात बिघाड. घाम थांबलाच पाहिजे अशी अट नाही. श्रमामुळे होणाऱ्या उष्माघातात माणूस घामाने निथळत असू शकतो. आधी थंड करायचं, हलवायचं नंतर. ओढा जवळ असेल तर अंग पाण्यात आणि डोकं आधार देऊन बाहेर. नसेल तर सतत पाणी ओतून वारा घालायचा. सुती कपडे नकोत हा ट्रेकिंगमधला पाठ झालेला नियमही इथे अर्धाच खरा आहे. तापलेल्या उघड्या वाटेवर ओला केलेला सुती शर्ट हे उत्तम शीतयंत्र. सावलीतल्या पाणथळ घळईत तोच शर्ट थंडीने हुडहुडी भरवतो.

चालण्याची शिस्त याच हिशोबातून येते. सर्वांत संथ माणूस गाइडच्या लगेच मागे, आणि सगळ्यात शेवटी दुसरा जाणकार. पूर्ण वाक्यं बोलता येतील इतकाच वेग. धाप लागली तर वेग जास्त आहे. दर तासाला किमान पाच मिनिटं पाय उंच ठेवून बसायचं, पायात साचलेलं रक्त परत फिरतं. वेळेची वाटणी एकास दोन: उतरायला दोन तास लागले तर चढायला चार धरायचे. साधारण दहा ते चार उन्हात चालणं टाळायचं. साउथ कायबाब वाटेवर पाणी नाही आणि सावलीही जवळजवळ नाही, म्हणून ती उतरायला वापरतात. चढायला लांबची, पण पाणी आणि सावली असलेली ब्राइट एंजल. तिथल्या नळांवरही आंधळा विश्वास नको. जलवाहिनी जुनी आहे, फुटते, म्हणून शुद्धीकरणाचं सामान सोबत हवंच.

नदीचं पाणी गढूळ असतं आणि ते थेट फिल्टरमध्ये ओतलं तर काही लिटरांत फिल्टर चोंदतो. बादलीत भरून चार लिटरला पाव चमचा तुरटीची पूड ढवळायची. चिकणमातीचे कण ऋणभारित असल्यामुळे एकमेकांना दूर ढकलतात आणि तरंगत राहतात. तुरटीतलं ॲल्युमिनियम तो भार मोडतं, कण गोळा होऊन खाली बसतात. वरचं नितळ पाणी गाळायचं, मग क्लोरीन डायऑक्साइड टाकायचं. नेहमीचे फिल्टर जिवाणू अडवतात, पण नोरोव्हायरस हा उलट्या-जुलाब घडवणारा विषाणू त्यांच्या छिद्रांतून आरामात जातो. २०२२ मध्ये ग्रँड कॅनियनच्या नदीप्रवाशांत आणि ट्रेकर्समध्ये त्याची साथ आली होती. साबणाने हात धुणं म्हणूनच स्वयंपाकाइतकंच महत्त्वाचं. सॅनिटायझर या विषाणूवर फारसा चालत नाही.

युटा आणि ॲरिझोना या राज्यांच्या सीमेच्या आसपास नावाहो वालुकाश्म लागतो. ज्युरासिक काळातल्या वाळूच्या टेकड्या दगड झाल्या, त्यांचे तिरके थर भिंतींवर आजही दिसतात. पाणी या सच्छिद्र दगडातून झिरपत खालच्या कायेंटा नावाच्या कमी सच्छिद्र थरावर अडतं आणि सांध्यातून आडवं बाहेर पडतं. कोरड्या भिंतीवर नेच्यांची हिरवी पट्टी दिसली की तिथे झरा शोधायचा.

याच दगडात पुरांनी अतिशय चिंचोळ्या घळी कापल्या आहेत. उघड्या खडकावर पडलेला पाऊस मुरत नाही, धावतो. तीस मीटर रुंद आणि तीस सेंटिमीटर खोल प्रवाह दीड मीटर रुंद घळीत शिरला तर त्याच वेगाला खोली होते सहा मीटर. प्रत्यक्षात वेग वाढतो, त्यामुळे उंची थोडी कमी भरते. माणसाला त्याने काही फरक पडत नाही. १२ ऑगस्ट १९९७ रोजी लोअर अँटिलोप कॅनियनमध्ये असा लोंढा आला आणि ११ जण गेले. वादळ कित्येक किलोमीटर वरच्या बाजूला झालं होतं. म्हणून हवामान पाहायचं ते डोक्यावरचं नव्हे, तर संपूर्ण पाणलोटाचं, आणि जुलै ते सप्टेंबरच्या वादळी दिवसांत चिंचोळ्या घळीतून दुपारच्या आत बाहेर पडायचं. युटातल्या झायन नॅशनल पार्कमध्ये नदीचा प्रवाह सेकंदाला सुमारे ४.२ घनमीटरच्या वर गेला की नॅरोज ही नदीपात्रातून चालायची चिंचोळी घळ बंद करतात. स्वच्छ पाणी एकाएकी गढूळ होणं, काटक्या वाहत येणं, वरून घरघर ऐकू येणं ही उरलेल्या मिनिटांची सूचना. खाली पळून लोंढ्याला हरवता येत नाही. सॅक टाकून उंच जागा गाठायची. भिंतीत डोक्यावर अडकलेले ओंडके मागच्या पुराची पातळी सांगतात, तंबूची जागा त्यांच्या वर.

बाकी राहते जमीन. काळी, खडबडीत, फुगीर दिसणारी माती म्हणजे सायनोबॅक्टेरिया या सूर्यप्रकाशावर जगणाऱ्या जिवाणूंनी चिकट धाग्यांनी बांधलेली वाळू. ती नत्र पुरवते, धूप रोखते, आणि एका पावलाने मोडली तर भरून यायला कित्येक वर्षं जातात. गटाने नागड्या खडकावरून किंवा ओढ्याच्या वाळूतून चालावं. खडकातल्या डबक्यांत हात घालू नये. तिथे झिंग्यांसारखे बारके जीव असतात, त्यांची अंडी वर्षानुवर्षं कोरडी तग धरतात आणि पाऊस पडला की फुटतात, पण हातावरचं सनस्क्रीन त्या ओंजळभर पाण्याला पुरेसं विष ठरू शकतं. पिण्यासाठी नाइलाजाने तिथलंच पाणी घ्यावं लागलं, तर स्वच्छ मगने वरच्यावर उचलायचं आणि मोठ्या डबक्यातून, अर्ध्याहून बरंच कमी.