पार्श्वभूमी : शिंगे खरी, कवटी प्लॅस्टिकची

नोव्हेंबरच्या अखेरीस अमेरिकेतल्या विस्कॉन्सिन राज्यात बंदुकीने हरणे मारण्याचा नऊ दिवसांचा मोसम लागतो, तेव्हा हरणांच्या एका रोगाच्या तपासणीसाठी राज्यात ठिकठिकाणी मोठाल्या पेट्या ठेवलेल्या असतात. चोवीस तास उघड्या, राखणदार कोणी नाही. शिकाऱ्याने हरणाचे मुंडके चार-पाच इंच मानेसकट कापून पिशवीत घालायचे, कुठे मारले त्याची चिठ्ठी बांधायची आणि पेटीत टाकून निघून जायचे. निकाल मागाहून कळतो. नर असेल आणि शिंगे हवी असतील, तर ती आधीच करवतीने उतरवून घ्यायची. म्हणजे घरी येते ती फक्त शिंगांची जोडी आणि तिला धरून ठेवणारा कपाळाचा तळहाताएवढा तुकडा. बाकी कवटी प्रयोगशाळेत गेली. अशा शिंगांसाठी बाजारात ओतीव प्लॅस्टिकची कवटी मिळते. दात, डोळ्यांच्या खोबणी, नाकाची हाडे सगळे जागच्या जागी, आणि वर शिंगे स्क्रूने आवळायची सोय. दहा फुटांवरून पाहिले तर फरक कळत नाही.

पुढे जाण्याआधी शब्दांचा एक गुंता सोडवायला हवा, कारण मराठीत तो जास्तच आहे. आपण काळवीट, सांबर, बैल, सगळ्यांच्या डोक्यावर ‘शिंग’च म्हणतो. प्राणिशास्त्राच्या पुस्तकांत पोकळ शिंगे आणि भरीव शिंगे असा भेद करतात, बोलताना कोणी करत नाही. काळविटाचे शिंग म्हणजे हाडाच्या गाभ्यावरचे नखासारखे आवरण, ते जन्मभर टिकते. सांबर-चितळाचे शिंग म्हणजे निव्वळ हाड. ते दरवर्षी गळते आणि नव्याने फुटते, वाढत असताना त्यावर मखमलीसारखी कातडी असते. आपल्याकडे जुन्या घरांत सहाणेवर उगाळायला सांबरशिंगाचा तुकडा असायचा, तो या दुसऱ्या जातीचा. या मजकुरात शिंग म्हणजे भरीव शिंगच. अमेरिकी शिकारीही गप्पांत दोन्हींना एकच शब्द वापरतात, तेव्हा आपण एकटेच चुकत नाही.

दुसरा गुंता ‘युरोपियन माउंट’चा. कातडी-मांस काढून पांढरी केलेली कवटी शिंगांसह भिंतीवर लावायची, याला अमेरिकेत हे नाव आहे. जर्मनीत मात्र असे म्हणायची पाळीच येत नाही, कारण तिथे ट्रॉफी म्हटली की मुळात हीच. कवटी पूर्ण ठेवायची की वरचा जबडा तिरका कापून आखूड करायची, एवढाच तिथला प्रश्न. खालचा जबडाही सोबत सांभाळतात, कारण दातांच्या झिजेवरून वय ठरते आणि शिकाऱ्याने योग्य वयाचाच नर मारला की नाही हे त्यावरून तपासतात. १९३४ च्या शिकार कायद्याने तिथे अशा तपासणीची प्रदर्शने सक्तीची केली. भिंतीवरची कवटी ही तिथे शोभेआधी हिशेबाची वस्तू होती, ही गोष्ट अमेरिकेत पोचता पोचता वाटेतच गळून पडली.

त्याहून जुन्या काळाबद्दल थोडक्यात. सोळाव्या ते अठराव्या शतकांत मध्य युरोपातल्या गढ्यांमध्ये खरी शिंगे कोरलेल्या, रंगवलेल्या लाकडी मुंडक्यांवर बसवत. ड्रेस्डेनजवळच्या मोरित्सबुर्ग महालात १६९६ साली मारलेल्या नराची ६६ टोकांची शिंगे आजही आहेत. शिंगे आणि कोरीव स्त्रीमूर्ती जोडून केलेली झुंबरे त्याच्याही आधीपासूनची. शिंगे खरी आणि बाकीचे डोके सुताराचे, असा तो प्रकार होता. प्लॅस्टिकच्या कवटीला नाके मुरडणाऱ्यांना हे सहसा ठाऊक नसते.

आपल्या डोळ्यांसमोर ‘शिकाऱ्याची भिंत’ म्हणून जे चित्र येते, म्हणजे काचेचे डोळे लावलेले, मानेपर्यंतचे केसाळ मुंडके, ते त्या मानाने अलीकडचे. अठराव्या शतकात आर्सेनिकयुक्त साबण आला तेव्हा कुठे कातड्यांची कीड थांबली, आणि एकोणिसाव्या शतकात साहेबाच्या दिवाणखान्यात ही मुंडकी बसली. आपण अजून ‘पेंढा भरलेला वाघ’ म्हणतो, पण चांगल्या कारागिरांनी पेंढा केव्हाच टाकून दिला होता. म्हैसूरचा एक प्रसिद्ध कारखाना कागदाच्या लगद्याचे साचे वापरून संस्थानिकांचे आणि साहेबांचे वाघ-बिबटे घडवायचा, तो १९९९ मध्ये बंद पडला. तोवर भारतात नव्या शिकारी कधीच संपल्या होत्या. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने वाड्यांतल्या आणि महालांतल्या जुन्या मुंडक्यांना मालकीचे प्रमाणपत्र लागू लागले. २००३ मध्ये राहून गेलेल्यांना जाहीर करण्यासाठी १८० दिवसांची मुदत मिळाली, त्यानंतर दार बंद. आज ताडोब्यात गळून पडलेले चितळाचे शिंग उचलले तरी तो गुन्हा ठरतो. त्यामुळे अशा केसाळ मुंडक्याला ‘पर्याय’ काय, हा प्रश्न आपल्याकडे उरलाच नाही. तो उरला तिथे, जिथे शिकार चालू राहिली.

अमेरिकेत १९७० च्या दशकापासून साच्यासाठी पॉलियुरेथेन फोम आला. तयार मान-डोके विकत घ्यायचे, वर कमावलेली कातडी ओढायची आणि शिवायची. काम सोपे झाले, टॅक्सिडर्मिस्ट, म्हणजे हे काम करणारे कारागीर, वाढले. तरी खांद्यापर्यंतचे एक मुंडके पुरे व्हायला वर्ष लागू शकते, आणि ते नुसत्या कवटीपेक्षा कैक पट महाग पडते. शिवाय ते भिंतीपासून दीड-दोन फूट पुढे येते. अपार्टमेंटच्या बैठकीत, बिनशिकारी जोडीदाराच्या समोर, त्याला जागा कुठे द्यायची? कवटीकडे वळण्याची ही कारणे सगळे सांगतात आणि ती खरी आहेत. मला मात्र २००२ चे वर्ष जास्त महत्त्वाचे वाटते.

हरणांचा झिजरोग, क्रॉनिक वेस्टिंग डिसीज, १९६७ मध्ये कोलोरॅडोतल्या फोर्ट कॉलिन्सच्या संशोधन केंद्रातल्या हरणांत प्रथम दिसला आणि बरीच वर्षे तिकडच्याच डोंगराळ मुलखातला आजार समजला गेला. फेब्रुवारी २००२ च्या अखेरीस विस्कॉन्सिनने जाहीर केले की, आदल्या नोव्हेंबरात माउंट होरेब गावाच्या आसपास मारलेल्या तीन नरांत तो सापडला आहे. मिसिसिपी नदीच्या पूर्वेला तो पहिल्यांदाच आला होता. राज्याने सुमारे ४११ चौरस मैलांचा पट्टा आखला आणि त्यातली सगळी हरणे मारायची असे ठरवले. जमीनमालक बिथरले. हरणे वाचवायची म्हणून शिकारीला विरोध करणारे आणि हरणे मिळावीत म्हणून शिकार करणारे एकाच बाकावर येऊन बसले. काही वर्षांतच ते उद्दिष्ट गुंडाळले गेले. ‘आधी एक बिनशिंगी हरीण मारा, मग शिंगवाला नर मारायचा हक्क मिळेल’ हा नियमही, जो रोगाच्या आधीपासूनचा होता, २०११ मध्ये विधिमंडळाने काढून टाकला. शिंगांसाठी थांबायला लावणे लोकांना सोसवले नाही.

टिकून राहिला तो दुसरा, कमी गाजलेला निर्णय : मेलेल्या हरणाचे काय कुठे नेता येईल. रोग पसरवणारे प्रिऑन म्हणजे बिघडलेली प्रथिने. ती मेंदू, मज्जारज्जू, डोळे आणि लसिकाग्रंथींत जास्त असतात, मातीत वर्षानुवर्षे टिकतात आणि साध्या उकळण्याने मरत नाहीत. म्हणून एकामागोमाग एका राज्याने नियम केले : हाडे काढलेले मांस चालेल, डोके नसलेले कातडे चालेल, पूर्ण झालेले टॅक्सिडर्मीचे काम चालेल, शिंगे चालतील, आणि शिंगांसह ‘स्वच्छ’ कपाळपट्टी चालेल.

सगळा वाद त्या ‘स्वच्छ’मध्ये आहे. मांसाचा कण नको की मेंदूचा? पट्टीच्या आतल्या बाजूचे पातळ आवरण खरवडले नाही तर? काही ठिकाणी अख्खी साफ कवटी चालते, काही ठिकाणी फक्त पट्टी. विस्कॉन्सिनने बाधित जिल्ह्यातले अख्खे डोके ७२ तासांत परवानाधारक टॅक्सिडर्मिस्टकडे पोचवायची मुभा ठेवली, तर इतर काही राज्ये सीमेबाहेरून आलेले डोके मुळीच आत घेत नाहीत. मग चार राज्ये ओलांडून घरी परतणाऱ्या शिकाऱ्याला सर्वांत कडक नियम पाळावा लागतो, नाहीतर वाटेतल्या कुठल्यातरी मोटेलच्या आवारात करवत काढावी लागते. नियम नको असे म्हणणारे म्हणतात की रोग जिवंत हरणे आणि कुंपणातली हरणे पसरवतात, आम्हाला कशाला छळता. पण २००५ मध्ये न्यूयॉर्क राज्यात, ओनायडा परगण्यात, रोग निघाला तेव्हा बाधित पाळीव हरणांच्या एका मालकाचे टॅक्सिडर्मीचेही काम होते. बाहेरच्या डोक्यांच्या टाकाऊ भागांवर संशय गेला. तो सिद्ध झाला नाही, पण पुढच्या नियमकर्त्यांना तेवढा पुरला. माझ्या मते तो पुरायलाच हवा होता. २००९ मध्ये एल्क या मोठ्या हरणाच्या शिंगांवरच्या मखमलीतही प्रिऑन आढळल्याचे प्रसिद्ध झाले. त्यामुळे मखमली शिंगे तशीच जपण्याची हौसही अडचणीत आली.

रोग आता तीसहून अधिक राज्यांत आहे, २०१६ मध्ये तो नॉर्वेच्या रानटी रेनडिअरांतही सापडला. माणसाला तो झाल्याचे सिद्ध झालेले नाही, तरी बाधित हरीण खाऊ नये असा सल्ला दिला जातो. आणि खायचे की नाही हे कळायला डोके पेटीत टाकावे लागते. प्लॅस्टिकच्या कवटीचे गिऱ्हाईक असे तयार झाले.

बाकीचे पर्याय भराभर सांगण्याजोगे. कवटीच्या मागच्या भोकात अडकणारे आणि हवे तसे वळवता येणारे लोखंडी आकडे, त्यामुळे लाकडी ढालीची गरज संपली. पाण्यावर तरंगणाऱ्या रंगीत फिल्ममध्ये बुडवून कवटीवर झाडोऱ्याची नक्षी उमटवणे, ही रुची ज्याची त्याने ठरवावी. रेझिनची शिंगे आणि आता स्कॅन करून थ्रीडी प्रिंटरवर काढलेली. कॅनडात सस्कॅचेवानमधल्या बिगर नावाच्या गावाजवळ १९९३ मध्ये मारलेल्या व्हाइटटेल, म्हणजे पांढऱ्या शेपटीच्या, हरणाच्या नराची नेहमीच्या सममित घडणीच्या शिंगांच्या गटात, सगळी मापे धरून, २१३ ५/८ इंचांची जागतिक नोंद आहे. त्या शिंगांच्या प्रतिकृतीच लोकांनी जास्त पाहिल्या असतील. शिकारीच्या विक्रमांच्या नोंदवहीला मात्र खरी शिंगे लागतात, ६० दिवस वाळलेली, आणि न चिरलेल्या हाडावर बसलेली. पेटीसमोर करवत चालवताना पट्टी मधोमध दुभंगली तर दोन शिंगांमधले अंतर मोजण्यात अर्थ राहत नाही आणि नोंद बाद होते. प्लॅस्टिकवर ती कितीही नीट जुळवली तरी.

ज्यांना खरीच कवटी हवी, ते निकाल स्वच्छ आल्यावर परसात गॅसच्या शेगडीवर मोठे पातेले चढवतात. पाण्यात धुण्याचा सोडा, आच मंद. खळखळ उकळले तर नाकातली कागदासारखी हाडे सुटतात आणि चरबी हाडात मुरून पुढे पिवळे डाग पडतात. शिंगांची बुडे पाण्याबाहेर ठेवायची, नाहीतर ती फिकी पडतात. ज्यांना वास सोसत नाही ते कवटी भुंगेरे पाळणाऱ्याकडे देतात. डब्यातल्या अळ्या फटीफटीतले मांस खाऊन साफ करतात, हाडाला धक्का न लावता. मग पांढरे करायला केशकर्तनालयात मिळणारे ४० व्हॉल्यूम तीव्रतेचे हायड्रोजन पेरॉक्साइड, ब्रशने लावलेले. घरगुती ब्लीच कवटीला कधीच नाही, त्याने हाड भुसभुशीत होते. आणि २०१९ च्या एका प्रयोगात नेमके तेच घरगुती ब्लीच, ४० टक्के द्रावणात पाच मिनिटे, पोलादावरचे प्रिऑन निष्प्रभ करताना दिसले, मांसाच्या तुकड्याच्या आतले मात्र नाही. म्हणून परसात आता दोन बादल्या असतात. ब्लीच सुऱ्या-करवतींसाठी, पेरॉक्साइड कवटीसाठी.