जिन्याच्या रेलिंगमधले 4 इंच आले कुठून?

बलस्टर म्हणजे जिन्याच्या कठड्यातले उभे दांडे. हा शब्द मुळात डाळिंबाच्या फुलाच्या ग्रीक नावावरून आलाय, कारण 15व्या शतकात इटलीत ते दगडी बलस्टर फॅशनमध्ये आले तेव्हा त्यांचं पोट तसंच फुगीर असायचं. सगळं लक्ष दिसण्यावर. दोन दांड्यांतली फट किती असावी हा विचार बऱ्याच उशिरा आला.

अमेरिकेच्या बिल्डिंग कोडमध्ये 1970च्या दशकात 9 इंचांची फटसुद्धा चालायची. 9 इंच! रांगतं पोर आरामात आरपार. मग ती 6 वर आली, पण त्यातूनही छोटी मुलं निघतातच, आणि थोडी कमी केली की उलट जास्त घातक, कारण मूल पाय आधी घालून सरकतं, कंबर जाते, छातीही दबून जाते आणि डोकं मात्र अडकतं, म्हणजे पोर गळ्यावर लटकतं. म्हणून डोकं अडवून भागत नाही, धडच अडवावं लागतं. 1990च्या दशकाच्या सुरुवातीला 4 इंच आले ते यासाठी. टेस्ट अगदी साधी, 4 इंचांचा गोळा फटीतून जाता कामा नये. ब्रिटनमध्ये हाच गोळा 100 मिमीचा. गंमत म्हणजे बाळाच्या पाळण्याच्या गजांसाठी अमेरिकेत 1973 सालीच 2⅜ इंचांचा नियम झाला होता, जिन्याला मात्र अजून जवळपास वीस वर्षं लागली.

आता अमेरिकेत जिन्याच्या चढत्या भागावर थोडी सूट आहे, 4⅜ इंच. कारण शुद्ध सुतारकीचं: पायरी 10 इंचांची, एका पायरीला दोनच दांडे बसवायचे तर त्यांचे मध्य 5 इंचांवर येतात, दांडा वर निमुळता होऊन पाऊण इंचाचा झाला की फट सव्वाचार, म्हणजे कडक 4 ठेवलं तर प्रत्येक पायरीला तिसरा दांडा. मला ही तडजोड पटते. पायरी आणि खालच्या पट्टीमधल्या त्रिकोणाला मात्र 6 इंचांचा गोळा चालतो.

आडव्या पट्ट्यांचं भांडण वेगळंच. मुलं शिडीसारखी चढतात म्हणून 2000 च्या आयआरसीत (घरांसाठीच्या अमेरिकी बिल्डिंग कोडमध्ये) त्याला बंदी होती, पण ती लगेच काढली गेली. दांड्यांऐवजी ताणलेल्या आडव्या तारा लावणारे केबल रेलिंगवाले खूश, पण ताण सैल पडला की केबल ढकलून वाकते आणि तोच गोळा सटकन पलीकडे जातो.