यूएससीआयएसकडे रखडलेला अर्ज: फेडरल कोर्टात दावा कोणी लावावा, कसा लावावा

ग्रीन कार्डाचा किंवा नागरिकत्वाचा अर्ज यूएससीआयएसकडे (अमेरिकेत असे अर्ज हाताळणाऱ्या सरकारी खात्याकडे) वर्षानुवर्षे पडून असेल, तर अमेरिकेच्या फेडरल जिल्हा न्यायालयात दावा लावता येतो. बोलताना सगळे याला 'मँडेमस' (सरकारी खात्याला त्याचे काम करायला लावणारा आदेश) म्हणतात. न्यायालय यूएससीआयएसला निर्णय द्यायला लावते, मंजुरी द्यायला नाही. स्टेटसमधला खंड, जुनी अटक, दोन अर्जांतली विसंगती असे काही फाइलमध्ये असेल, तर दाव्यामुळे नकारच लवकर हातात पडेल. म्हणून दाव्याआधी इमिग्रेशन वकिलाकडून संपूर्ण फाइल तपासून घ्या. हा खर्च टाळू नका.

सगळ्यांत भक्कम बाजू नागरिकत्वाच्या अर्जदाराची. एन-४०० चा (नागरिकत्वाच्या अर्जाचा) इंटरव्ह्यू होऊन १२० दिवसांत निर्णय आला नाही, तर इमिग्रेशन कायद्याच्या कलम १४४७(बी) खाली राहत्या जिल्ह्याच्या कोर्टात जाता येते. दिवस इंटरव्ह्यूपासून मोजायचे, अर्जाच्या तारखेपासून नाही. १२० पूर्ण होण्याआधी लावलेला दावा फेटाळला जातो. इंटरव्ह्यूच्या दिवशी मिळालेला एन-६५२ हा कागद इथे मुख्य पुरावा, तो जपून ठेवा. कोर्ट स्वतः निर्णय देऊ शकते, पण बहुतेकदा मुदत घालून प्रकरण परत पाठवते. काही सर्किटांमध्ये (फेडरल अपील न्यायालयांच्या विभागांमध्ये) दावा दाखल झाला की यूएससीआयएसला परस्पर निर्णय देता येत नाही. तिथे मंजुरी तयार असली, तरी दोन्ही बाजूंनी मिळून प्रकरण परत पाठवण्याची विनंती करावी लागते.

ग्रीन कार्डाच्या आय-४८५ या अर्जाला असे दिवस ठरलेले नाहीत. प्रशासकीय प्रक्रिया कायदा फक्त 'वाजवी काळात' म्हणतो. दुसऱ्या एका कलमात १८० दिवसांचा उल्लेख आहे, पण ती अमेरिकी संसदेने, म्हणजे काँग्रेसने, व्यक्त केलेली अपेक्षा आहे, बंधन नाही. नुसत्या तिच्यावर दावा उभा करू नका. किती उशीर अवाजवी, हे न्यायाधीश १९८४ च्या 'ट्रॅक' निकालातल्या सहा कसोट्यांवर ठरवतात. दावे अडतात ते मुख्यतः एका कसोटीवर: तुम्हाला पुढे घेतले तर रांगेतल्या इतरांना मागे ढकलले जाईल का? त्यामुळे तुमच्या नंतरचे सारखेच अर्ज निकाली निघाले असतील तर तसे दाखवा. नोकरी गेली, उपचार थांबले, कुटुंब दुरावले, तर त्याचेही कागद जोडा. 'खूप त्रास होतो' एवढ्या एका वाक्याने काही साधत नाही.

भारतात जन्मलेल्यांनी आधी परराष्ट्र खात्याचे दरमहा निघणारे व्हिसा बुलेटिन उघडावे. ईबी-२ किंवा ईबी-३ (नोकरीवर आधारित ग्रीन कार्डाचे गट) मध्ये 'फायनल अॅक्शन' तक्त्यानुसार तुमची प्रायॉरिटी डेट (रांगेतली तुमची तारीख) करंट नसेल, म्हणजे तिची पाळी आली नसेल, तर व्हिसा नंबरच उपलब्ध नाही आणि तो कोर्टाला निर्माण करता येत नाही. 'डेट्स फॉर फायलिंग' (अर्ज कधी भरता येतो ते सांगणारा तक्ता) करंट असून भागत नाही. तारखा मागे गेल्यावर अर्ज थांबवून ठेवण्याच्या धोरणाला भारतीय अर्जदारांनी दिलेले आव्हान २०२३ मध्ये नवव्या आणि २०२४ मध्ये आठव्या सर्किटमध्ये टिकले नाही. मुंबई कॉन्सुलेटमध्ये २२१(जी) खाली (आणखी कागद किंवा तपासणीसाठी) अडकलेला व्हिसा हे वेगळेच प्रकरण. तिथे प्रतिवादी अमेरिकेचे परराष्ट्र खाते असते, आणि डीसी सर्किटने २०२४ मध्ये अशा एका प्रकरणात अर्जदाराविरुद्ध निकाल दिल्यापासून वाट अवघड झाली आहे.

दाव्याआधी यूएससीआयएसकडे 'आउटसाइड नॉर्मल प्रोसेसिंग टाइम'ची (नेहमीपेक्षा जास्त वेळ लागल्याची) चौकशी नोंदवा आणि आपल्या काँग्रेस सदस्याच्या कार्यालयाकडून विचारणा करून घ्या. ठरावीक साच्याचे उत्तर आले तरी ते जपा. तुम्ही पाठपुरावा केला, हे त्यावरून दिसते.

कोर्टात तक्रारअर्ज, जेएस ४४ हे मुखपृष्ठ, प्रत्येक प्रतिवादीसाठी वेगळे एओ ४४० समन्स आणि ४०५ डॉलर फी द्यावी लागते. सोबत रिसीट नोटीस, बायोमेट्रिक्स व इंटरव्ह्यूच्या नोटिसा, आरएफईचे (यूएससीआयएसने जादा पुरावे मागणाऱ्या नोटिशीचे) उत्तर पोहोचल्याची पावती आणि चौकशीची उत्तरे जोडा. सोशल सिक्युरिटी नंबरचे शेवटचे चारच आकडे, जन्मतारखेचे फक्त वर्ष आणि मुलांची आद्याक्षरे ठेवा, बाकीचे झाका. प्रतिवादी म्हणून गृहसुरक्षा मंत्री, यूएससीआयएसचे संचालक आणि फाइल जिथे आहे त्या कार्यालयाचे प्रमुख, सगळे पदाच्या नात्याने. व्यक्तीला वकिलाविना दावा लावता येतो, पण नवरा-बायको दोघे वादी असतील तर प्रत्येकाने स्वतःची सही करायची. आय-१४० (कंपनीने कर्मचाऱ्यासाठी भरलेला ग्रीन कार्डाचा अर्ज) साठी कंपनी वादी असेल, तर वकील हवाच.

सर्वाधिक चुका समन्स बजावण्यात होतात. प्रती तीन ठिकाणी जातात: त्या जिल्ह्याच्या यूएस अॅटर्नीला, वॉशिंग्टनमधल्या अॅटर्नी जनरलना, आणि प्रत्येक प्रतिवादीला. अॅटर्नी जनरलची प्रत राहून जाते आणि मग सरकार 'बजावणी अपुरी' म्हणते. वादीने स्वतः बजावायचे नाही. दाव्यात पक्षकार नसलेल्या, १८ वर्षांवरील कोणाकडून तरी रजिस्टर्ड किंवा सर्टिफाइड मेलने पाठवा आणि पोचपावत्या कोर्टात दाखल करा. मुदत दावा दाखल केल्यापासून ९० दिवस. यूएस अॅटर्नीला प्रत मिळाल्यापासून सरकारला उत्तरासाठी ६० दिवस मिळतात.

त्या ६० दिवसांत बऱ्याचदा सरकारी वकील मुदतवाढ मागतात आणि त्याच वेळी फाइल हलते: आरएफई येते, इंटरव्ह्यूची तारीख लागते. मुदतवाढ द्यायला हरकत नाही, पण त्या काळात यूएससीआयएस नेमके काय करणार ते लेखी घ्या. आणि निर्णयाची नोटीस हातात पडेपर्यंत दावा मागे घेऊ नका.